सोळा आकड्यांची आतषबाजी

दिवाळीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत दोन प्रकारची आतषबाजी चालते. एक अंगणातली, दुसरी घरातल्या संगणकाच्या पडद्यावरची. पहिलीत धूर आहे, खर्च आहे आणि धोकाही आहे. २०१६ च्या दिवाळीत याच शहरात, औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि दुकानांच्या रांगा बघता बघता जळाल्या, हे येथील लोक विसरलेले नाहीत. दुसरीत विस्तव नाही, तिथे "अरे, डोळ्यांची काही काळजी आहे की नाही?" हा आईचा गजर तेवढा असतो. पण ही बिनधुराची आतषबाजी कशावर चालते, हे वडीलधाऱ्यांनी एकदा समजून घेण्यासारखे आहे. ती चालते निव्वळ गणितावर!

खेळातला अनार म्हणजे एक चित्र नव्हे. तो शेकडो कणांचा मेळा असतो. प्रत्येक कणाला जन्मस्थान, वेग, रंग आणि आयुष्य नेमून दिलेले. कण जन्मतो, उसळतो, खाली झुकतो, फिका पडतो आणि नाहीसा होतो. विल्यम रीव्ह्‌ज यांनी १९८२ च्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात, निर्जीव ग्रहावर पसरत जाणारी आगीची भिंत याच युक्तीने उभी केली आणि १९८३ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. आज घरोघरच्या खेळांतले धूर, पाऊस, ठिणग्या त्याच वंशातल्या.

आता मुले काय करतात? विकत आणलेला सदरा घरी उसवून आपल्या मापाचा करावा, तसा तयार खेळ आपल्या मर्जीप्रमाणे बदलतात. यालाच 'मॉडिंग' म्हणतात. अनार तिरका करायचा, मोठा करायचा, तलवारीच्या टोकाला बसवायचा, तर हजार कणांना एकेक करून हलवीत कोण बसणार? त्यासाठी मॅट्रिक्स. आपल्या पिढीला 'मॅट्रिक' ठाऊक. हे ते नव्हे! मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेला आकड्यांचा चौकोन. शुद्ध मराठीत आव्यूह. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८५८ मध्ये त्याचे बीजगणित मांडले आणि आपल्याकडे ते बारावीच्या पुस्तकात आहे.

एक छोटा हिशेब करून पाहा. कागदावर ठिणगी (१, ०) या जागी आहे. मॅट्रिक्सच्या वरच्या ओळीत ० आणि −१, खालच्या ओळीत १ आणि ०. गुणाकार केला की ठिणगी (०, १) वर जाते, म्हणजे डावीकडे काटकोनात वळते. हाच चौकोन हजार ठिणग्यांना लावा, सारा अनार वळतो.

आकार बदलणेही असेच. मात्र उंची, रुंदी, खोली यांना एकच पट लावली तर आकृती तशीच राहते. निरनिराळी लावली तर नूर पालटतो. आपल्या बीबी का मकबऱ्याचा रचनाकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. मकबऱ्यापुढे उभे राहिले की आराखडा ओळखीचा वाटतो, पण प्रमाणे निराळी!

सरकवणे मात्र नुसत्या अशा गुणाकाराने साधत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. मध्यबिंदू जागचा हलेना! म्हणून गणितज्ञांनी प्रत्येक जागेला शेपटीसारखा एक जादा '१' जोडला. त्यामुळे त्रिमितीतला चौकोन चार ओळी, चार स्तंभांचा झाला. एकूण सोळा आकडे. मार्च २०२३ मध्ये 'माइनक्राफ्ट' या लोकप्रिय खेळात ठोकळे, वस्तू आणि अक्षरे दाखवण्याची जी नवी सोय आली, तिला हे सोळा आकडे थेट देता येतात.

यात क्रमाला फार महत्त्व. तेल तापण्याआधी मोहरी टाकली तर फोडणी होत नाही, तसेच हे. आपली (१, ०) वरची ठिणगी आधी वळवून मग तीन घरे उजवीकडे सरकवली तर (३, १) वर पोचते. आधी सरकवून मग वळवली तर (०, ४) वर. आकडे तेच, पण ठिकाण भलतेच.

खरी गंमत पुढेच आहे. अनार भिंतीवर आडवा लावला आणि सगळ्याच गोष्टींना तो मॅट्रिक्स लावला, तर गुरुत्वाकर्षणही आडवे होते आणि ठिणग्या जमिनीऐवजी बाजूला पडू लागतात! म्हणून जाणता मुलगा जन्मस्थान आणि सुरुवातीचा वेग वळवतो, गुरुत्वाकर्षणाला हात लावीत नाही. वेगाच्या शेपटीला तो '१' ऐवजी '०' जोडतो, कारण अनाराची जागा बदलली म्हणून ठिणगीचा वेग बदलत नाही.

पालकहो, दिवसभर खेळत बसणे वाईटच. त्याची तरफदारी येथे करावयाची नाही. पण नुसते खेळणे वेगळे आणि खेळ उघडून त्याचे आतले चक्र समजून घेणे वेगळे. आपले चिरंजीव वा कन्या यांपैकी काय करीत आहेत, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. फराळाचे ताट पुढे ठेवून म्हणा, "हा अनार भिंतीवर आडवा लावून दाखव, पण ठिणग्या खालीच पडल्या पाहिजेत." जमले, तर बारावीच्या त्या प्रकरणाची धास्ती धरण्याचे कारण उरले नाही असे समजा. न जमले, तर पुस्तक कोणत्या पानावर उघडायचे, हे आता आपल्यालाही ठाऊक झाले आहे!