बोन चायना आणि पोर्सेलिन: फरक भट्टीतला

दुकानात पातळ, पांढराशुभ्र कप दिसला की तो सरसकट ‘बोन चायना’ म्हणून खपतो. खरं तर अस्सल बोन चायनात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. उरलेलं केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड. १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्पोड घराण्याने हे मिश्रण रुळवलं.

चीनच्या जिंगदेझेनचं किंवा जर्मनीतल्या माइसेनचं पोर्सेलिन वेगळं. त्यात हाडं नाहीत. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. फेल्डस्पार वितळून बाकीच्या कणांना काचेसारखं सांधतो.

खरी गंमत भाजण्याच्या क्रमात आहे. माइसेनचं भांडं आधी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसतं कडक करतात. मग झिलई देऊन १४०० अंशांपर्यंत नेतात. माती आणि झिलई एकदमच पक्व होऊन एकजीव होतात. बोन चायनाचं उलट: पहिलीच भाजणी जबर, सुमारे १२५० अंशांची, झिलईची त्याहून सौम्य, ११०० च्या आत-बाहेर. म्हणूनच त्यावर रंगांची चैन करता येते. १४०० अंशांत झिलईखालचे फार थोडे रंग तगतात. कोबाल्टचा निळा त्यातला सर्वांत भरवशाचा.

कप उजेडासमोर धरा. बोन चायनाची छटा दुधाळ, उबदार; कडक पोर्सेलिनची बहुधा किंचित निळसर. आणि शाकाहारामुळे हाडांची राख चालत नसेल, तर विकत घेण्यापूर्वी कप उलटा करून तळाचा शिक्का वाचा.