औषध, पत्ता आणि शेजार

एसटी स्टँडच्या मागे, उड्डाणपुलाखाली किंवा देवळाच्या पायरीशी एखादा माणूस महिनोन्‌महिने दिसत राहतो. जटा झालेले केस, भर उन्हाळ्यात एकावर एक चढवलेले तीन-चार कपडे, हातात चिंध्यांचे गाठोडे आणि स्वतःशीच चाललेले बोलणे. गावाला त्याची सवय होते. कोणी वडापाव देतो, कोणी हुसकावतो, मुले त्याला एखादे नाव चिकटवतात. त्याचे खरे नाव कोणाला माहीत नसते. हा माणूस बरा होऊ शकेल, हा विचारही बहुतेकांच्या मनात येत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर माणसांची नोंद झाली. त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. हे सगळे मनोरुग्ण नव्हेत. त्यांत कामासाठी शहरात आलेले मजूर आहेत, घरातून बाहेर पडावे लागलेले वृद्ध आहेत, पिढ्यान्‌पिढ्या फुटपाथवर राहणारी कुटुंबे आहेत. त्यांची गरज छपराची, रोजगाराची, कागदपत्रांची असते आणि ती त्यांना सांगता तरी येते. आजारामुळे घरापासून तुटलेल्या माणसाला मात्र मदत मागताही येत नाही. त्याला परत उभे करण्याचे काम म्हणूनच वेगळे आहे.

घर सुटते कसे?

स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज कानी पडतात. जेवणात विष कालवले आहे, कोणीतरी पाळतीवर आहे, असे पक्के वाटू लागते. रुग्णाला ही भीती खरीच असते. मग तो एके दिवशी घरातून निघतो, मिळेल त्या रेल्वेत बसतो आणि जिथली भाषाही येत नाही अशा राज्यात उतरतो. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेला माणूस बंगालचा किंवा आंध्रचा निघतो, तो असा.

अर्थात प्रत्येक भरकटलेला माणूस स्किझोफ्रेनियाचाच असतो असे नाही. डोक्याला झालेली इजा, फिट्‌स, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दारू एकदम बंद झाल्याने येणारा भ्रम, वृद्धांमधील स्मृतिभ्रंश, यांतले काहीही असू शकते. म्हणून रुग्णालयातले पहिले काही दिवस मनापेक्षा शरीराचे असतात. जखमांतल्या अळ्या काढणे, खरूज आणि उवांवर उपचार, रक्त, साखर आणि क्षयाची तपासणी. अन्नही जपून द्यावे लागते. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवण दिले तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे थोडे थोडे अन्न आणि सोबत ब-१ जीवनसत्त्व, असा क्रम ठेवतात.

नाव परत येते

मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करणारी औषधे सुरू झाली की आधी झोप सुधारते. संशय आणि आवाज ओसरायला काही आठवडे लागतात. मग एखाद्या सकाळी रुग्ण आपले नाव सांगतो. पत्ता मात्र सहसा तुकड्यांत येतो. शाळेचे नाव, आठवडी बाजाराचा वार, गावाजवळची नदी. समाजसेवा अधीक्षक हे तुकडे जुळवतात, त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन लावतात. पूर्वी आधार नोंदणी झाली असेल तर बोटांच्या ठशांवरूनही ओळख पटू शकते.

हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, हे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने दाखवले. रस्त्यावर गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारांनंतर कळले, की तो विज्ञानाचा पदवीधर होता. १९८८ मध्ये त्यांनी श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली. आधी मुंबईत दहिसरला आणि २००६ पासून रायगड जिल्ह्यातील कर्जतला हे काम वाढले. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपल्या घरी पोचली होती.

घरी पोचल्यावरचे वर्ष

घरच्यांनी आशा सोडलेला मुलगा दारात उभा राहतो, तिथे बातमी संपते. उपचार मात्र तिथे संपत नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू ठेवलेल्या १०० जणांपैकी २७ जणांचा आजार वर्षभराच्या आत उलटला. औषध बंद करून नुसती साधी गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ६४ होते. तेव्हा घर गाठण्याइतकेच महत्त्व गावाजवळ औषध मिळण्याला आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमातून ही औषधे मिळतात. रोजची गोळी चुकत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांतून एकदा घेण्याचे इंजेक्शनही असते.

दुसरी गोष्ट घरातल्या वातावरणाची. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन या संशोधकाने १९५०च्या दशकात रुग्णालयातून सुटलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांची तब्येत जास्त टिकली होती. पुढच्या अभ्यासांत कारण दिसले. सततची टीका, राग आणि अतिकाळजी यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो. ‘एवढी वर्षे कुठे होतास?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागला तर गोळीचे बळ कमी पडते. आजार म्हणजे काय, हे कुटुंबाला समजावून सांगणे हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे. तीच गोष्ट शेजाराची. ज्याला किराणा दुकानात किंवा शेतात थोडे काम मिळते, लग्नाकार्यात बोलावणे येते, त्याला बरे राहायला कारण मिळते.

ज्यांना घर उरले नाही

सगळ्यांना घर परत मिळत नाही. कोणाचे आईवडील वारलेले असतात, कोणाच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो. अशा स्त्रिया बऱ्या होऊनही मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहतात. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी चेन्नईत सुरू केलेल्या ‘द बनयान’ या संस्थेपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी २०१५ मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. साध्या वस्तीत भाड्याचे घर घ्यायचे, त्यात चार-पाच जणींनी एकत्र राहायचे आणि सोबतीला प्रशिक्षण दिलेली स्थानिक मदतनीस ठेवायची. बाजारहाट, स्वयंपाक, भांडणे, सणवार सगळे त्यांचे त्यांनी पाहायचे. महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत हे काम पोचले आहे.

‘आधी पूर्ण बरे व्हा, मग घर’ हा जुना क्रम उलटवून पाहण्याचा मोठा प्रयोग कॅनडात २००९ ते २०१३ या काळात झाला. पाच शहरांतील सुमारे दोन हजार मानसिक आजार असलेल्या बेघरांपैकी काहींना आधी घर आणि सोबत आधार दिला गेला, इतरांना नेहमीच्या सेवा मिळाल्या. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले, दुसऱ्या गटातील ३१ टक्के. आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. म्हणजे घर हे औषधाची जागा घेत नाही आणि औषध घराची. दोन्ही लागतात.

आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला जागा नाही, एवढ्या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे. बेघर रुग्णाला दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी सरकारी उपचार मोफत आहेत. कायदा पुढे आहे, त्याला लागणारी घरे मागे आहेत. ती वस्तीतच उभी राहायची असल्याने ‘आमच्या सोसायटीत नको’ हे वाक्य बदलले, तरच हा हक्क कागदावरून खाली उतरेल.

असा माणूस दिसला तर

● दगड मारणाऱ्यांना थांबवा. पुरेसे अंतर ठेवून, शांतपणे, समोरून बोला. पाणी आणि थोडे अन्न द्या. जबरदस्तीने धरू नका.

● ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा. जखम, ताप किंवा बेशुद्धी असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवा. भरकटलेल्या रुग्णाला संरक्षण देणे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घेणेही त्यांच्याकडेच येते.

● त्याची चित्रफीत काढून पसरवू नका. उद्या बरा झाल्यावर त्याला याच जगात राहायचे आहे.

● घरात कोणाला भास होत असतील, संशय वाढत असेल तर तो घर सोडून जाण्याची वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

● शेजारी कोणी बरे होऊन परतले असेल तर जुने विचारत बसू नका. कामाला, चहाला, कार्यक्रमाला हाक मारा. महिन्याच्या तपासणीला सोबत लागली तर जा. दिव्यांग प्रमाणपत्र, रेशनकार्ड, बँकखाते यांसाठी एखादी खेप घाला.

रुग्णालय माणसाला त्याचे नाव परत देऊ शकते. त्या नावाने त्याला रोज हाक मारणारे मात्र वस्तीतच भेटतात.