चंद्रकोर, तोफ आणि ढोल

शाबान महिन्याचा एकोणतिसावा दिवस मावळला की कोट्यवधी डोळे पश्चिम क्षितिजाकडे लागतात. नखाएवढी कोर दिसली तर रमजान लागला. न दिसली तर शाबानचे तीस दिवस पुरे करावयाचे आणि दुसऱ्या संध्याकाळपासून रमजान धरावयाचा. हिजरी दिवस सूर्यास्ताबरोबर सुरू होत असल्याने त्याच रात्री मशिदींतून तरावीहची नमाज होते आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी पहाटे धरला जातो.

आपल्या पंचांगातील महिनेही चांद्रच आहेत. परंतु अधिक मास घालून आपण त्यांचा ऋतूंशी मेळ राखतो, म्हणून आपली दिवाळी कधी भर पावसाळ्यात येत नाही. हिजरी कालगणनेत अधिक मासाला स्थान नाही. तिचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पुरी करतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा दोनदा लागावयाचा आहे. ज्याने बालपणी वैशाखातील उन्हात पहिला रोजा धरला, त्याला पुन्हा तेच ऊन भेटते तेव्हा त्याची स्वतःची मुले रोजा धरण्याजोगी झालेली असतात.

कोर दिसली की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. जावा बेटावरील सेमारांग शहरात या प्रश्नावरून मतभेद होत; म्हणून तेथील प्रांताधिपतीने १८८१ साली रमजानचा आरंभ जाहीर करण्याची एक रीत घालून दिली. मशिदीतला ‘बेडुग’ नावाचा प्रचंड नगारा ‘डुग’ वाजे आणि तोफ ‘डेर’ कडाडे. त्यावरून त्या सोहळ्याचे नावच ‘डुगडेरान’ पडले. आजही रमजानच्या तोंडावर तेथे जत्रा भरते. तिच्यातील मुलांचे आवडते खेळणे म्हणजे ‘वाराक ङ्गेंडोग’, अर्थात अंडे घालणारा वाराक. हा काल्पनिक प्राणी चिनी, जावानी आणि अरबी कल्पनांच्या मिश्रणातून घडला, असे सांगतात. ज्या शहरात तिन्ही समाज शेजारी नांदले, त्याचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल.

नगाऱ्याने वाद मात्र संपले नाहीत. इंडोनेशियात आजही मुहम्मदिया ही संस्था गणितावरून दिवस ठरविते, नहदतुल उलेमा प्रत्यक्ष चंद्रदर्शनाचा आग्रह धरते, आणि एखाद्या वर्षी शेजारशेजारची दोन घरे वेगवेगळ्या दिवशी रोजे सुरू करतात. आपल्याकडेही केरळमधील पहिला रोजा उर्वरित भारताच्या एक दिवस आधी येण्याचे प्रसंग घडतात. तुर्कस्तानाने मात्र गणितच प्रमाण मानले आहे.

रमजान येण्यापूर्वी घराला त्याची चाहूल लागते. मलबारात ‘ननच्चुकुळी’ या नावाने घराची साफसफाई व धुणीभांडी चालतात. नवरात्राआधी आपल्या गृहिणी जी झाडलोट काढतात, तिचेच हे भावंड. जावात ‘पादुसान’साठी लोक झऱ्यांवर व नद्यांवर जाऊन स्नान करतात. कैरोत मुलांच्या हाती कंदील येतात. या ‘फानूस’ची जन्मकथा अशी सांगतात, की फातिमी खलिफा मुइझ ९७३ साली रमजानातच कैरोत आला, तेव्हा नगरवासीयांनी दिवे घेऊन त्याचे स्वागत केले. खलिफाच्या आगमनाला इतिहासाचा आधार आहे. दिव्यांची गोष्ट दंतकथा म्हणून घ्यावी. पत्रा आणि रंगीत काचा यांचे ते कंदील बनविणाऱ्या कारागिरांपुढे पुढे परदेशी प्लास्टिकच्या गाणाऱ्या कंदिलांनी स्पर्धा उभी केली, आणि २०१५ साली इजिप्त सरकारने तशा मालाची आयात रोखली. इस्तंबूलमध्ये मशिदीच्या दोन मनोऱ्यांमध्ये दोर ताणून त्यावर दिव्यांनी अक्षरे रेखाटतात. त्याला ‘माह्या’ म्हणतात. पूर्वी तेलाचे दिवे असत, आता विजेचे आहेत. एकच मनोरा असलेल्या मशिदीला हे भाग्य नाही!

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे सूर्यास्ताची वर्दी पिवळ्या बुरुजावरील तोफ देते. मध्यंतरी खंडित झालेली ही प्रथा १९९७ साली पुन्हा सुरू झाली. त्यापूर्वी, १९९२ पासून जवळजवळ चार वर्षे, हे शहर वेढ्यात होते आणि तोफांचा मारा सोसत होते. आता तोच आवाज ऐकून लोक हातातील गरम ‘सोमुन’ भाकरीचा तुकडा मोडतात. आपल्या मध्य प्रदेशातील रायसेनच्या किल्ल्यावरूनही भोपाळच्या नवाबी काळापासून रमजानात अशी तोफ उडते.

पहाटेचे काम ढोलाचे. काश्मीरमधील ‘सहरखान’ अंधारात, कधी बर्फातूनही, गल्लोगल्ली फिरत ‘वक्त-ए-सहर’ अशी हाक देतो. कैरोतील ‘मसहराती’ लहान ढोलावर ठोके देत घरातील माणसांची नावे घेऊन उठवितो. आपले नाव पुकारले जावे म्हणून मुले मुद्दाम जागी राहतात. ईदेला जे काही हातावर पडेल, तीच या मंडळींची कमाई. आता प्रत्येक उशाशी गजर लावलेला फोन असतो आणि ढोलाने झोपमोड होते अशी तक्रारही शहरांतून ऐकू येते. तरीही ढोल वाजतो, कारण गजर कोणाचे नाव घेत नाही.

उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराची अडचण निराळी. तेथे ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि ऐन हिवाळ्यात उगवत नाही. अशा ठिकाणी मक्केच्या किंवा जवळच्या एखाद्या शहराच्या वेळा पाळाव्यात, असा मार्ग उलेमांनी दाखविला आहे. आजारी, प्रवासी आणि गरोदर स्त्रिया यांना तर सवलत आहेच. राहिलेले रोजे त्यांनी पुढे सवडीने धरावेत.

इफ्तारच्या पदार्थांची यादी न संपणारी आहे. मोरोक्कोची ‘हरीरा’, हैदराबादची २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली हलीम, मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीतील मालपुवा. तमिळनाडूत तांदूळ व डाळीची ‘नोंबू कंजी’ मशिदीमशिदींतून शिजते. तिच्यासाठी राज्य सरकार तांदूळ देते.

चेन्नईत १७९५ साली बांधलेली वालाजाह मशीद आहे. तेथे कित्येक वर्षे इफ्तारची पंगत वाढतात ते ‘सूफीदार’ या संस्थेचे स्वयंसेवक. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या एका हिंदू गृहस्थाने ही संस्था स्थापिली. स्वयंपाक संस्थेच्या आवारात होतो आणि तो शाकाहारी असतो. दुपार कलली की पातेली गाडीतून मशिदीत येतात. स्वयंसेवक डोक्यावर टोपी घालून रांगांमधून फिरतात आणि अजानपूर्वी प्रत्येकाच्या पुढ्यात वाढून होईल याची घाई करतात. मग अजान होते, शेकडो हात एकदम खजुराकडे जातात, आणि वाढपी कोणाला आणखी काही हवे का हे पाहत पुन्हा पहिल्या रांगेकडे वळतात.