तुंब्यापासून धावेपर्यंत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा नवी थार घेऊन दारात उभा राहिला. बॉनेटवरची झेंडूची माळ अजून ताजी होती आणि चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल टायरच्या खाचेत तशीच अडकलेली होती. हातावर पेढा ठेवतो न ठेवतो तोच त्यानं मोबाइल पुढे केला. "मामा, ही बघ चाकं. वीस इंची, काळी, खोल डिशची. दिवाळीच्या आत बसवून घेतो." चाकं देखणी होती, यात शंका नाही. मी एवढंच विचारलं, "गाडी नेणार कुठे?"

"कुठे म्हणजे? कोकणात. आणि पावसाळ्यात प्रबळगडाच्या पायथ्याला, देहरंगकडे."

चाकाची निवड खरं तर या उत्तरात होती, फोटोत नव्हती. तो आणि मी त्या दिवशी जेवणं विसरून जे बोललो, ते इथे जरा विस्तारानं लिहितो आहे, कारण दसरा-पाडव्याला गाडी घेणाऱ्या आणि लगोलग तिची चाकं बदलायला निघणाऱ्या घरांची संख्या आमच्या पनवेलात मी दरवर्षी वाढताना पाहतो.

पनवेल हे चाकांचं गाव आहे. कळंबोलीपासून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, पळस्प्याहून गोव्याची वाट धरता येते, आणि तोच ६६ क्रमांकाचा महामार्ग पुढे थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात रात्रंदिवस ट्रक उभे. इथून निघालेली गाडी एका तासाच्या आत ताशी शंभरनं काँक्रीटवर धावते, नाहीतर घाटाच्या वळणावर अंग टाकते, नाहीतर ओढ्यातल्या काळ्या गोट्यांवरून अडखळत जाते. या तिन्ही गोष्टी एकाच चाकाला करायच्या असतात.

लहानपणी आजोळी, पेणजवळच्या गावात, मी सुतारकाकांना बैलगाडीचं चाक घडवताना तासन्‌तास पाहिलं आहे. ते आधी तुंबा करायचे. मधला तो लाकडी गोळा मनासारखा झाला, आसावर नीट फिरला, की मग आरे ठोकायचे, मग लाकडी घेर, आणि सगळ्यात शेवटी गोवऱ्यांच्या आगीत तापवलेली लोखंडी धाव चढवून वर पाणी ओतायचे. आपण आज नेमके उलटे निघतो. आधी बाहेरचं रूप ठरवतो आणि ते हबवर बसतं का, हे दुकानात गेल्यावर पाहतो. चाक आतून बाहेर निवडायचं असतं. मी भाच्याला त्याच क्रमानं नेलं.

तुंबा म्हणजे आजचा हब. पहिला प्रश्न नटांचा. बोल्टांच्या मध्यांतून जाणारं जे वर्तुळ, त्याच्या व्यासाला दुकानदार पीसीडी म्हणतात. फॉर्च्युनर, हायलक्स, इसुझू डी-मॅक्स या गाड्यांना सहा बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ. जिम्नीला पाच बोल्ट, पण वर्तुळ तेच, १३९.७. हा विचित्र आकडा आला कुठून? तो बरोबर साडेपाच इंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पाच बोल्ट याच साडेपाच इंची वर्तुळावर होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली ती विलीजचीच जीप. पाऊणशे वर्षांत गाडीचं सगळं बदललं, पण आजची छोटी जपानी जिम्नी अजून तेच माप बाळगून आहे. मला हे फार आवडतं.

सहा बोल्टांचं माप घेणं सोपं, समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. पाचांत समोर बोल्टच नसतो. तिथे शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजून १.७ नं गुणायचं. ते अंतर ८२ च्या जवळ आलं तर वर्तुळ १३९.७. सहा नटांचं १३५ चंही चाक जगात मिळतं, आणि ४.७ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. नट जोर लावून कसले की चाक बसल्यासारखं वाटतं, पण बोल्ट वाकडा ताणला जातो आणि एक दिवस तुटतो.

मग मधलं भोक. हबचा उंचवटा त्यात घट्ट बसला तर चाक आपोआप मध्यावर येतं. जिम्नीचं हे भोक १०८ मिलिमीटरचं, म्हणजे चांगलंच मोठं, त्यामुळे नट जुळूनही कित्येक चाकं तिला चढतच नाहीत. उलट भोक मोठं असेल तर मध्ये बरोबर मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

आणि नट. ही गोष्ट मी कुणाला सांगताना कधी गाळत नाही. टोयोटाच्या कंपनीच्या अलॉयला सपाट वॉशरचे नट असतात, बाहेरून घेतलेल्या बहुतेक चाकांना निमुळत्या शंकूच्या बैठकीचे लागतात. जुनेच नट नव्या चाकाला लावले तर नट आणि चाक यांची गाठ जेमतेम एका कडेवर पडते. पाना घट्ट लागला असं हाताला वाटतं, आणि दोनशे किलोमीटरवर नट सैल झालेला असतो. चाकांबरोबर त्यांच्याच बैठकीचे नट मागून घ्या, आणि त्यांतला एक स्टेपनीसाठी चालतो का तेही पाहा, कारण स्टेपनी जुनीच राहिलेली असते.

आता ऑफसेट. खोल डिशचं चाक हवं म्हणणारा प्रत्येक जण नकळत ऑफसेट कमी मागत असतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बैठक यांच्यामधलं अंतर म्हणजे ऑफसेट. बैठक बाहेरच्या अंगाला असेल तर तो अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे. समजा मूळ चाक साडेसात इंच रुंद, ऑफसेट ३० आहे, आणि तुम्ही नऊ इंची, शून्य ऑफसेटचं घेतलंत. रुंदीतली दीड इंचाची वाढ दोन्ही कडांना वाटली जाते, म्हणजे एकेका बाजूला १९ मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे ३० मिळवले की बाहेरची कड ४९ मिलिमीटर बाहेर येते. दोन्ही बाजू धरून गाडी जवळजवळ दहा सेंटिमीटर रुंद झाली. दिसते रुबाबदार. पण गाडीचा भार आता बेअरिंगपासून लांबच्या टोकाला लोंबकळतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर कोकणातला तांबडा चिखल थेट दारावर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर फेकतो. पाच-दहा मिलिमीटरचा बदल मी समजू शकतो. पन्नासचा नाही.

आरे म्हणजे चाकाची ताकद. चाकाच्या पाठीमागे, आऱ्यांच्या आतल्या अंगाला, भारक्षमता किलोत कोरलेली असते. मागच्या आसावर कंपनीनं १५०० किलोंची परवानगी दिली असेल तर एकेका चाकानं किमान ७५० पेलायला हवेत. माणसं, टपावरचं कॅरियर, डिकीतले पाण्याचे कॅन, सगळं त्यातच धरायचं. ५६० किलो कोरलेलं चाक नजरेला तेवढंच भक्कम दिसतं. जिथे आकडाच कोरलेला नाही, ते चाक हातातही घेऊ नका.

आपल्याकडे चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे, तर जपानी परंपरेतल्या चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरं दिसतात. या छापांमागे चाचण्या असतात. चाक फिरवत ठेवून त्याला वाकवणारा ताण देतात, भार देऊन फिरत्या ढोलावर दाबतात, आणि तेरा अंशांच्या कलात ठेवून त्याच्या कडेवर वजन आपटतात. ही तिसरी चाचणी म्हणजे आपला खड्डाच. चाकं घडवण्याचं काम फार दूर चालत नाही; पुण्याजवळ शिक्रापूरला एन्केईचा अलॉय चाकांचा कारखाना आहे. महाग चाकाची नक्कल करून, त्याचंच नाव लावून विकलेल्या मालावर भारक्षमता आणि मानकाचा छाप आहे का, एवढं वाकून पाहायला दोन मिनिटं लागतात.

लोखंडी की अलॉय, हा वाद टायरवाल्यांच्या बाकड्यावर अजून रंगतो. ओतलेलं ॲल्युमिनियमचं चाक हलकं असतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन. ते कमी झालं की शॉक ॲब्सॉर्बरवरचा ताण कमी होतो. ओतल्यानंतर रिमचा पन्हाळ्यासारखा भाग फिरवत दाबून पातळ आणि घट्ट केला, तर त्याला फ्लो-फॉर्म म्हणतात. घडवलेलं फोर्ज्ड चाक त्याहून भक्कम आणि त्याहून महाग. पण लोखंडी डिस्क वाकते, आणि वाकलेली कड आडगावचा टायरवालाही घणानं ठोकून हवा धरेल इतकी सरळ करतो. अलॉयला चीर जाते. ती वेल्डिंग करून बुजवतात, पण ज्या उष्णतेच्या संस्कारानं त्या धातूला ताकद आलेली असते, तो संस्कार वेल्डिंगच्या आजूबाजूला उतरून जातो. चिरलेलं अलॉय मी पुन्हा वापरत नाही. वर्षातून दोनदा कोकणात आणि बाकी दिवस शहरात, तर चांगलं ओतलेलं अलॉय पुरे. खरोखर गोट्यांतून जाणारे असाल तर लोखंडी डिस्कला कमी लेखू नका.

आणि आता धाव. भाच्याचे वीस इंच.

थारला कंपनीनंच दोन मापं दिली आहेत, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलला २५५/६० आर १९. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. १८ च्या चाकात टायरसकट उंची ७८९ मिलिमीटर, १९ च्यातही ७८९. वीस इंची रिमवर तीच उंची राखायची तर २५५/५५ लागेल, पुन्हा ७८९. म्हणजे रिम इंचाइंचानं मोठी होते आणि गाडी तसूभरही उंच होत नाही. कमी होते ती रबराची भिंत. १६ वर ती १८४ मिलिमीटर आहे, १८ वर १६६, १९ वर १५३, वीसवर १४०. खड्ड्याच्या कडेला आधी भेटतं ते हे रबर, आणि ते दाबलं जाऊन संपलं की पुढे थेट धातू.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीला मी हौसेनं मोठ्या रिमा बसवल्या होत्या. रात्री घाट उतरताना, पावसात, पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. एकच आवाज झाला. आतल्या कडेला वीतभर चीर गेली आणि ट्यूबलेस टायर दहा सेकंदांत बसला. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. वळणावर मोबाइलच्या उजेडात स्टेपनी बदलताना माझे हात थरथरत होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

चिखलात किंवा गोट्यांवर हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि जमीन धरतो. पसरायला त्याला भिंत हवी. मोठ्या रिमवर हा फायदाच संपतो. फार कमी हवेत टायर रिमवरून निसटू नये म्हणून बोल्टांच्या कड्यानं तो आवळणारं बीडलॉक चाक असतं, ते स्पर्धेच्या मैदानासाठी. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक कड्या नुसत्या शोभेच्या.

उंची वाढवायची असेल तरी बेतानं. जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५ टायर ६९३ मिलिमीटर उंच, २३५/७५ आर १५ घातला तर ७३३. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ८५ नं जात असेल, आणि इंजिनावर, ब्रेकवर त्याच प्रमाणात ओझं. उलट, रिम लहान करताना आतला ब्रेक कॅलिपर घासत नाही ना, हे चाक हातानं फिरवून पाहावं.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी परगावच्या सल्ल्यात येत नाहीत. खोल डिशच्या पोटात आतून चिखल भरतो, वाळतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी थडथडते. लोक धावत अलाइनमेंटला जातात. बादलीभर पाणी आतल्या अंगाला मारलं की थडथड थांबते. आणि खारा वारा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूला सतत फिरणाऱ्यानं चकचकीत कातीव तोंडाची चाकं घेऊच नयेत. त्यावरच्या पारदर्शक थराला खडी लागून टवका उडाला की मीठ आत शिरतं आणि थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात. साधा पावडर कोट जास्त टिकतो. किनाऱ्याहून आल्यावर गोड्या पाण्यानं चाकं आतूनही धुवायची. वाळूवर गाडी मात्र नेऊच नका; भरती चाकाची किंमत पाहत नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत जे कंपनीनं ठरवलेलं असतं त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे सगळ्यात निर्धास्त वाट म्हणजे त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनीनं दिलेलं माप. त्यापलीकडे जायचं तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावं. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

भाचा बराच वेळ वहीतले आकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी वर नाही, खाली यायला हवं." दोन दिवसांनी आम्ही दोघं गेलो. त्याच्याच गाडीला कंपनी देते ते सोळाचं माप, कंपनीच्याच ऑफसेटचं, काळ्या पावडर कोटचं चाक त्यानं निवडलं. आधी एकच चाक चढवून हातानं फिरवलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून घासतं का पाहिलं, मग बाकीची. नट ताऱ्याच्या क्रमानं, एक सोडून एक, टॉर्क पान्यानं कसले. हवेच्या गनवर मी विश्वास ठेवत नाही.

अठराची जुनी चाकं त्यानं गोणपाटात गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवली आहेत. भाऊबीजेला तो बहिणीकडे महाडला जाणार आहे. पेणला चहाला थांबेल तेव्हा साधारण पस्तीस किलोमीटर झालेले असतील, आणि महाडला पोचेपर्यंत शंभराच्या पुढे. नवीन चाकाचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा कसायचे असतात. टॉर्क पाना मी त्याच्या डिकीत ठेवून दिला आहे.