फ्रिज गार होईना

मे महिन्यात करी रोडच्या आमच्या खोलीतला फ्रिज गार होईना. दूध नासलं, त्याचं एवढं नाही. पण आत अम्मीचं इन्सुलिन होतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत लागते. डॉक्टरांनी नवी घ्यायला सांगितली. ती शेजारच्या वहिनींकडे ठेवली.

फ्रिज थंडी निर्माण करत नाही. आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. आमचा भिंतीला चिकटलेला, जाळीवर धुळीची गोधडी. प्लग काढून ती ब्रशने झाडली, फ्रिज वीतभर पुढे ओढला. दारात कागद धरून पाहिला. घट्ट बसला, म्हणजे रबर शाबूत.

दुसऱ्या दिवशी बर्फ धरला. नसता धरला, तर गॅस तपासायला कारागीरच लागला असता. अम्मीची बाटली आता घरीच, मधल्या कप्प्यात आहे.