खारपाणपट्ट्याचे गोड पाणी आणि मेळघाटचे अरण्य

पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमीन काळी, कसदार. पण तिच्या पोटातील पाणी खारे. विहिरीला पाणी लागते, मात्र ते पिण्याच्या उपयोगाचे नसते आणि ओलितालाही चालत नाही. या पट्ट्यातील अनेक गावांची तहान आज मेळघाटच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांवर भागते. वान नदीवरील धरणातून अकोटच्या ८४ खेड्यांच्या योजनेला, तर शहानूर धरणातून अंजनगाव सुर्जी व दर्यापूरकडील गावांना पाणी पुरविण्यात येते.

धरणाला किती खर्च आला, हे दप्तरात सापडते. धरणात पाणी आणून सोडणाऱ्या अरण्याची नोंद त्या जमाखर्चात नसते. सागाच्या व बांबूच्या रानातील पाचोळा पावसाचा मारा झेलतो, पाणी मुरवितो, माती धरून ठेवतो. रान उघडे पडले, तर तीच माती गाळ होऊन जलाशयात साचेल. मग तो गाळ उपसावयाचा अथवा गावोगाव टँकर धाडावयाचे, तर काय खर्च येईल? हा वाचलेला खर्च म्हणजेच अरण्याच्या सेवेचे मोल, असे अर्थशास्त्रज्ञ मानतात. कोकण किनाऱ्यावरील तिवरांचे मोलही, ती लाटांचा जोर मोडतात म्हणून, याच रीतीने काढता येते.

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१९ साली दहा व्याघ्र प्रकल्पांचे असे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यांत मेळघाटचाही समावेश होता. या प्रकल्पांपासून मिळणारा वार्षिक लाभ प्रत्येकी सुमारे ५ हजार ते १६ हजार कोटी रुपयांच्या दरम्यान आढळला. हा रोख पैसा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

लाभ सखल भागात पोहोचतो. झळ डोंगरातील माणसांना लागते. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प घोषित झाला आणि पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावे अरण्याबाहेर हलविण्यात आली. त्यांच्या त्यागाची किंमत या हिशेबात कोठे मांडावयाची, हा प्रश्न उरतोच. अचलपूर तालुक्यातील पायविहीरने एक वेगळी वाट दाखविली आहे. २०१२ साली गावाला १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड टेकड्यांवर झाडे जोपासली आणि तेथील सीताफळे ते मुंबईच्या बाजारात धाडू लागले.