खडूचा चौकोन आणि बोटांची साक्ष

टेक्सासात वसंत म्हणजे गारपिटीचा हंगाम. वादळ ओसरलं की फ्रिस्को, प्लानो अशा डॅलसच्या उपनगरांत, जिथे मराठी कुटुंबंही राहतात, घरोघरी एकच प्रश्न असतो: छप्पर डागडुजीवर भागेल की बदलावं लागेल? विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर प्रत्येक उतारावर दहा फूट लांबी-रुंदीचा चौकोन खडूने आखतो आणि गारांच्या खुणांभोवती वर्तुळं काढून ती मोजतो. पण हे काम मोजणीचं नसून पारखण्याचं आहे. नुसत्या आकड्यावर निवाडा केला, तर कुणावर तरी अन्याय होतोच.

डांबरी शिंगलच्या पोटात काचतंतूंची चटई असते, तिच्यावर डांबर आणि वर खनिजाचे रंगीत दाणे. दाणे उन्हापासून डांबराला जपतात, पण ते वयानेही झडतात. खरा घाव चटई फुटण्याचा. तो बऱ्याचदा दिसत नाही; बोटाने दाबल्यावर मार लागलेल्या आंब्यासारखी ती जागा मऊ लागते. उष्णतेने फोड येऊन फुटला, तरी खड्डा दिसतो, पण खालची चटई शाबूत असते. म्हणून अ‍ॅडजस्टर इतर साक्षीदार शोधतो: पन्हळीवरचे पोचे, पत्र्यावरची धूळ-गंज उडून पडलेले स्वच्छ ठिपके. ठिपके काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून ते ताज्या गारपिटीची ग्वाही देतात. पोचे मात्र वर्षानुवर्षं टिकतात. सगळे पोचे एकाच बाजूला असले, तर वाऱ्याची दिशाही कळते. खुणा फक्त छपराच्या मधोमध, सारख्या अंतरावर आणि पन्हळ कोरी असेल, तर त्या कुणी मुद्दाम हातोडीने केल्याचा संशय घ्यावाच लागतो.

मग रडार आणि ड्रोन असताना माणूस कशाला चढवायचा, असं विचारलं जातं. रडार ढगातली गार टिपतं, छपरावरची नाही. ड्रोन डाग दाखवतो, पण दाबून पाहत नाही. रडारवरून केलेला गारेच्या व्यासाचा अंदाजही नाजूक असतो: व्यास दुप्पट झाला की पडत्या गारेची ऊर्जा सुमारे सोळापट होते. बोटांचा निर्णय माणसागणिक बदलतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि अडचणी इथूनच वाढतात. पोचे ‘दिसण्यापुरते’ ठरवून भरपाई नाकारणाऱ्या पॉलिसी आहेत. गारपिटीची वजावट, म्हणजे घरमालकाने स्वतः सोसायचा वाटा, अनेकदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते, त्यामुळे छोट्या दाव्यात हाती फारसं उरत नाही. वजावट माफ करण्याचं आमिष दाखवणाऱ्या कंत्राटदारांवर टेक्सासने 2019 साली कायद्याने बंदी आणली, कारण त्या आमिषापोटी दावे फुगत होते. विमा कंपनी आणि कंत्राटदार, दोन्ही बाजूंना आकडा वाकवण्यात लाभ आहे. म्हणून प्रत्येक वर्तुळामागचं कारण, फोटोसह, घरमालकालाही मिळालं पाहिजे. कारण नोंदलेलं असेल, तरच चुकीच्या निवाड्याला आव्हान देता येईल.